बाळ बावन्न वर्षांचा

ज्यांना आपण आजवर मतिमंद म्हणत आलो, ती माणसेही म्हातारी होतात, ही गोष्ट समाजाच्या अजून नीटशी ध्यानात आलेली नाही. त्यात समाजाचाही फारसा दोष नाही. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांचे होते. आज ते साठीच्या घरात गेले आहे. हृदयाचे दोष शस्त्रक्रियेने दुरुस्त होऊ लागले आणि म्हातारपण नावाची नवी अवस्था या लोकांच्या वाट्याला आली. तिची तयारी मात्र त्यांच्याकडून कोणी करून घेत नाही.

आमच्या गल्लीत असे एक गृहस्थ आहेत. वय बावन्न, कानशिलांवरचे केस पांढरे. सारी गल्ली त्यांना ‘बाळ’ म्हणते. चौथीतली पोरेसुद्धा ‘ए बाळ’ अशी हाक मारतात. त्यात प्रेम आहे, हे मी नाकारत नाही. पण बाळाला आता डोळे तपासून घ्यावे लागतील असे कोणी सांगत नाही आणि बाळाशी आईच्या मरणाविषयी कोणी बोलत नाही. लाडाच्या हाकेची ही किंमत फार मोठी आहे.

डाऊन सिंड्रोममध्ये मोतीबिंदू, बहिरेपणा, थायरॉईडची मंदता ही दुखणी लवकर येतात. ज्या एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत त्यांच्या पेशींत असते, त्याचाच संबंध अल्झायमरशी आहे. चाळिशीपर्यंत बहुतेकांच्या मेंदूत त्या रोगाच्या खुणा उमटलेल्या असतात. पायरी दिसेनाशी झाली म्हणून जिना उतरायला नकार देणारा माणूस घरात मात्र हट्टी ठरतो! आपल्या शरीरात काय चालले आहे हे त्याला कोणी शिकवलेलेच नसते, मग तो सांगणार कसे?

शिकवता येते. लहानपणापासूनचे फोटो ओळीने मांडून ‘हा तूच’ असे दाखवता येते. माणसाचे चित्र काढून दुखते तिथे बोट ठेवायला लावता येते. एकदा सांगून भागत नाही, रोज थोडे थोडे सांगावे लागते, इतकेच. आमच्या बेळगावात आणखी एक पेच आहे. घरात ‘दुखतंय’ म्हणणारा माणूस बाजारात ‘ब्यानी’ हा कन्नड शब्द ऐकतो आणि दवाखान्यात डॉक्टर कोणत्या भाषेत विचारतील याचा नेम नाही. दोन्ही शब्द पक्के करून घेतले पाहिजेत. सीमेच्या वादाला इथे काही काम नाही.

मरणाविषयी तर आपण सरळ बोलतच नाही. ‘बाबा झोपले’, ‘गावाला गेले’ असे सांगितले, की ज्याला शब्दांचा सरळ अर्थच कळतो तो माणूस झोपायला भितो, नाहीतर स्टँडवर वाट पाहत बसतो. ‘श्वास थांबला, बाबा आता परत येणार नाहीत’ हे ऐकायला कठोर वाटते, पण समजते. इंग्लंडमधील मानसोपचारतज्ज्ञ शीला हॉलिन्स यांनी १९८९ पासून केवळ चित्रांची, शब्दाविना वाचायची पुस्तके काढली. वडिलांचा मृत्यू हा त्यांतल्या सुरुवातीच्या पुस्तकांचा विषय होता. अशी पुस्तके मराठीत-कन्नडमध्ये काढायची तर भाषांतराचाही खर्च नाही!

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, म्हणून पैशाचे बोलतो. अपंग मुलासाठी विमा उतरवून आयकरात सवलत घ्यायची, तर वर्षासन पालकाच्या मृत्यूनंतरच सुरू व्हावे अशी पूर्वी अट होती. २०२२ च्या वित्त कायद्याने ती सैल झाली. पालक साठ वर्षांचा झाल्यावर त्याच्या हयातीतही वर्षासन सुरू करता येऊ लागले. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठरा वर्षांवरील व्यक्तीला कायदेशीर पालक नेमून घेता येतो. शहाणे आईबाप ही कागदपत्रे करतात. पण ज्याच्या नावाने हे सारे चालते, त्याला त्यातले काही सांगितलेले नसते.

पुढे भावाकडे राहायचे ठरले असेल, तर आई हयात असतानाच चार-चार दिवस तिथे राहून यावे. पलंग कोणता, सकाळचा चहा कोण देणार, हे त्याला पाहू द्यावे. आणि तो ‘नको’ म्हणाला, तर तेही ऐकावे. तेव्हा बेत बदलायला अजून वेळ असतो.