मनोविकारांवरील औषधे : संशोधनावरचा विश्वास कशामुळे डळमळला?

मानसोपचारतज्ज्ञाने चिठ्ठी लिहून दिल्यानंतर रुग्णाचे नातेवाईक जो प्रश्न विचारतात, तो मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांबाबत क्वचितच विचारला जातो : हे औषध खरोखर आवश्यक आहे, की कंपन्यांनी ते आवश्यक ठरवले आहे? या प्रश्नामागे अज्ञान आहे, मनोविकारांविषयीचा जुना संकोच आहे, समाजमाध्यमांवरील अर्धवट माहितीही आहे. तथापि केवळ अज्ञान म्हणून तो बाजूला सारता येत नाही. गेल्या तीन दशकांत औषध कंपन्यांनी स्वतःच्या कृतीने या संशयाला इतके दस्तऐवजी पुरावे पुरवले आहेत, की शंका घेणाऱ्याला दोष देणे कठीण व्हावे.

या पुराव्यांत सर्वाधिक चर्चिले गेलेले प्रकरण ‘स्टडी ३२९’ या नावाने ओळखले जाते. स्मिथक्लाइन बीचम ही कंपनी (पुढे विलीनीकरणानंतर ग्लॅक्सोस्मिथक्लाइन) पॅरोक्सेटीन हे नैराश्यावरील औषध विकत होती. अमेरिकेत ‘पॅक्सिल’ आणि ब्रिटनमध्ये ‘सेरोक्झॅट’ या नावाने ते प्रौढांमध्ये चांगलेच खपत होते. किशोरवयीन मुलांमध्येही ते उपयोगी ठरते काय, हे पाहण्यासाठी १९९४ साली उत्तर अमेरिकेतील केंद्रांमध्ये १२ ते १८ वयोगटातील २७५ मुलामुलींवर चाचणी सुरू झाली. एका गटाला पॅरोक्सेटीन, दुसऱ्याला इमिप्रामीन हे जुने औषध आणि तिसऱ्याला प्लेसीबो, म्हणजे औषधद्रव्य नसलेली गोळी देण्यात आली. चाचणी सुरू होण्यापूर्वी यशाचे जे निकष लिहून ठेवले होते, त्यांवर पॅरोक्सेटीन प्लेसीबोपेक्षा सरस ठरले नाही.

कंपनीला हे १९९८ सालीच ठाऊक होते. परिणामकारकता सिद्ध झाली नाही असे जाहीर करणे व्यापारीदृष्ट्या परवडणारे नाही, अशा आशयाचे त्या वर्षीचे अंतर्गत टिपण पुढे उघडकीस आले. तरीही २००१ साली अमेरिकेतील बाल व किशोर मानसोपचाराच्या अग्रगण्य नियतकालिकात २२ लेखकांच्या नावाने जो शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्यात हे औषध किशोरांमध्ये परिणामकारक आणि सर्वसाधारणपणे सुसह्य असल्याचे म्हटले होते. मूळ निकष मागे पडले होते आणि नंतर निवडलेले निकष पुढे आले होते. निबंधाचा पहिला मसुदा त्या २२ नामवंतांपैकी कोणी लिहिलाच नव्हता. कंपनीने पैसे मोजलेल्या लेखनसंस्थेतील एका व्यावसायिक लेखिकेने तो तयार केला होता. आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न यांची नोंद ‘भावनिक अस्थिरता’ या निरुपद्रवी वाटणाऱ्या शीर्षकाखाली झाली होती. विक्री प्रतिनिधींच्या हाती मात्र हा निबंध एखाद्या प्रशस्तिपत्रासारखा पडला.

२००३ साली ब्रिटनच्या औषध नियामकाने १८ वर्षांखालील रुग्णांना हे औषध देऊ नये असे बजावले. २००४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी कंपनीवर खटला भरला. कंपनीने २५ लाख डॉलर देऊन आणि चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर करण्याचे मान्य करून तो मिटवला. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नैराश्यावरील औषधांच्या वेष्टनावर मुले व किशोरांमधील आत्मघाती विचारांबाबत काळ्या चौकटीतील इशारा सक्तीचा केला. २०१२ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने अमेरिकी न्याय खात्याशी ३ अब्ज डॉलरची तडजोड केली. कबूल केलेल्या गुन्ह्यांत १८ वर्षांखालील रुग्णांसाठी पॅक्सिलचा बेकायदा प्रचार केल्याचाही समावेश होता.

पुढचा टप्पा अधिक बोलका आहे. २०१५ साली स्वतंत्र संशोधकांच्या एका गटाने याच चाचणीची मूळ आकडेवारी नव्याने तपासून ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. त्यासाठी त्यांना कंपनीच्या संगणकावरील रुग्णनोंदींची सुमारे ७७ हजार पाने दूरस्थ पडद्यावरून, एका वेळी एकच खिडकी उघडून वाचावी लागली, इतकी ती सोय गैरसोयीची होती. साऱ्या नोंदी वाचणे शक्यच झाले नाही, म्हणून त्यांनी ९३ रुग्णांच्या नोंदी निवडून तपासल्या. पॅरोक्सेटीन घेणाऱ्या मुलांत आत्मघाती विचार किंवा वर्तनाच्या, मूळ निबंधात ५ दाखवलेल्या घटना फेरतपासणीत ११ निघाल्या. औषध ना परिणामकारक होते, ना सुरक्षित, हा त्यांचा निष्कर्ष. एवढे होऊनही त्या वेळेपर्यंत २००१ चा मूळ निबंध मागे घेण्यात आला नव्हता.

एका कंपनीची लबाडी म्हणून हे प्रकरण संपले असते, तर अविश्वास इतका पसरला नसता. २००८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला. त्यात नैराश्यावरील १२ औषधांच्या, अमेरिकी नियामकाकडे नोंदलेल्या ७४ चाचण्यांची तुलना नियतकालिकांत छापून आलेल्या निबंधांशी केली होती. नियामकाच्या मते ३८ चाचण्या औषधाच्या बाजूने होत्या. त्यांपैकी ३७ प्रसिद्ध झाल्या. उरलेल्या ३६ प्रतिकूल किंवा संदिग्ध होत्या. त्यांपैकी २२ प्रसिद्धच झाल्या नाहीत आणि ११ अनुकूल वाटतील अशा रीतीने छापल्या गेल्या. जसे होते तसे सांगणारे निबंध अवघे तीन. केवळ छापील साहित्य वाचणाऱ्या डॉक्टरला ९४ टक्के चाचण्या यशस्वी दिसत होत्या. प्रत्यक्षात ते प्रमाण ५१ टक्के होते. म्हणजे रुग्णाची फसवणूक होण्याआधी डॉक्टरचीच झाली होती. मानसोपचारतज्ज्ञांवर रोष धरणाऱ्यांनी ही बाब ध्यानात घ्यावयास हवी.

स्किझोफ्रेनियावरील नव्या पिढीच्या औषधांची कथा पैशांच्या भाषेत सांगता येते. झायप्रेक्साच्या बेकायदा प्रचारापोटी एली लिलीने २००९ मध्ये सुमारे १ अब्ज ४१ कोटी ५० लाख डॉलर भरले. सेरोक्वेलबाबत अ‍ॅस्ट्राझेनेकाने २०१० मध्ये ५२ कोटी डॉलर दिले, तर रिस्परडाल व अन्य औषधांबाबत जॉन्सन अँड जॉन्सनने २०१३ मध्ये २ अब्ज २० कोटी डॉलरहून अधिक रकमेची तडजोड केली. या औषधांची आपसांतील तुलना करणाऱ्या चाचण्यांचा एक आढावा २००६ साली निघाला. जवळपास ९० टक्के चाचण्यांत पुरस्कर्त्या कंपनीचेच औषध सरस ठरल्याचे त्यात आढळले. अमुक औषध तमुकपेक्षा चांगले आणि तमुक अमुकपेक्षा चांगले, हे दोन्ही एकाच वेळी सिद्ध होत होते! त्याआधी वर्षभर सरकारी पैशातून झालेल्या, सुमारे १,५०० रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत एक जुने, स्वस्त औषध नव्या महागड्या औषधांपैकी बहुतेकांच्या तोडीस तोड उतरले होते.

हे मानसोपचारातच इतके का घडते? मधुमेहात रक्तशर्करा मोजता येते, क्षयरोगात जंतू दिसतो. नैराश्यात मोजमाप होते ते प्रश्नावलीने. झोप कशी आहे, भूक लागते का, आशा वाटते का, याला मुलाखतकार गुण देतो आणि त्या गुणांची बेरीज म्हणजे आजाराची तीव्रता. प्लेसीबो घेणाऱ्यांपैकीही अनेकांना बरे वाटते. त्यामुळे औषध आणि प्लेसीबो यांतील अंतर लहान राहते. कोणती प्रश्नावली निवडली, कोणत्या आठवड्याला मोजले, चाचणी अर्धवट सोडून गेलेल्यांचे काय केले, यावर ते अंतर दिसू लागते किंवा नाहीसे होते. वाकवता येण्याजोगी जागा येथे अधिक आहे आणि ज्याच्या हाती आकडे आहेत, त्याच्याच हाती बाजारही आहे.

भारताचा संबंध या साऱ्याशी केवळ ग्राहक म्हणून नाही. २००५ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिएट्री’मध्ये रिस्पेरिडोनची तीव्र उन्मादावरील एक चाचणी प्रसिद्ध झाली. जॉन्सन अँड जॉन्सनच्या पाठबळावरील या चाचणीतील २९० रुग्ण भारतातील केंद्रांमधील होते आणि जवळपास निम्म्यांना तीन आठवडे प्लेसीबो देण्यात आला होता. उन्मादावर लिथियमसारखे स्वस्त आणि परिचित औषध उपलब्ध असताना गंभीर आजारी माणसाला रिकामी गोळी का दिली गेली? त्या अवस्थेतील रुग्णाची संमती कशी घेतली गेली? मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’शी निगडित अभ्यासकांसह अनेकांनी त्याच नियतकालिकात पत्रे लिहून असे प्रश्न विचारले. प्लेसीबोशी तुलना केल्याखेरीज औषधाचा खरा परिणाम कळत नाही, हा नेहमीचा युक्तिवाद शास्त्रीयदृष्ट्या पोकळ नाही. परंतु अशी चाचणी श्रीमंत देशात न करता येथे का करावीशी वाटते, या प्रश्नाचे उत्तर तो देत नाही.

इंदूरमधील प्रकरण तर थेट दंडापर्यंत गेले. मुले आणि मानसिक दुर्बलता असलेले रुग्ण यांच्यावर गुपचूप औषध चाचण्या केल्याच्या प्रकरणात २०१२ च्या आरंभी मध्य प्रदेश सरकारने १२ डॉक्टरांना दंड केला. रक्कम होती प्रत्येकी ५,००० रुपये. त्याच वर्षी इंदूरचा स्वास्थ्य अधिकार मंच सर्वोच्च न्यायालयात गेला. २००५ ते २०१२ या काळात चाचण्यांदरम्यान २,६४४ मृत्यू झाले आणि त्यांपैकी ८० मृत्यूंचा संबंध चाचणीशी असल्याचे मानले गेले, अशी आकडेवारी केंद्र सरकारने न्यायालयात सादर केली. हे आकडे सर्व आजारांवरील चाचण्यांचे आहेत, केवळ मनोविकारांचे नव्हेत. मे २०१२ मध्ये संसदीय स्थायी समितीने आपल्या ५९ व्या अहवालात केंद्रीय औषध नियामक संस्थेच्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. समितीने दिलेल्या उदाहरणांत ‘डीनक्झिट’ हे चिंता व नैराश्यावर दिले जाणारे संयुक्त औषध होते. ते बनविणाऱ्या कंपनीच्या मायदेशी, डेन्मार्कमध्ये, त्याला परवानगी नसताना भारतात ते विकले जात होते. २०१३ मध्ये सरकारने त्याची विक्री स्थगित केली आणि वाद न्यायालयात पोहोचला.

त्यानंतर नियम कडक झाले, हे मान्य करावे लागेल. चाचणीची सार्वजनिक नोंदवहीत आगाऊ नोंद २००९ पासूनच सक्तीची आहे. २०१९ च्या नव्या नियमांनी नैतिकता समितीतील किमान निम्मे सदस्य संस्थेबाहेरील असावेत असे ठरवले आणि नुकसानभरपाईची पद्धत बांधून दिली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील ९९ वे कलम विशेष महत्त्वाचे आहे. संशोधनासाठी रुग्णाची स्वतःची स्वेच्छा संमती हवी आणि तो संमती देण्यास असमर्थ असेल, तर राज्य प्राधिकरणाच्या परवानगीखेरीज पुढे जाता येत नाही. मात्र याच २०१९ च्या नियमांत, भारतात शोधलेल्या औषधाच्या चाचणीच्या अर्जावर ३० कामकाजाच्या दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूदही आहे. नियामकाच्या मौनालाच संमती समजण्याची ही घाई कोणाच्या सोयीची, याची चर्चा जेवढी व्हावयास हवी होती तेवढी झालेली नाही.

अविश्वासाची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित आहेत. अशा देशात ‘सगळी औषधे फसवी’ हा निष्कर्ष घातक ठरतो. लिथियम बंद केल्याने पुन्हा उन्मादात गेलेला किंवा स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या सोडून घराबाहेर भरकटलेला माणूस हा आकडेवारीचा वाद नसतो. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये ५२२ चाचण्या आणि १ लाख १६ हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. अप्रकाशित माहितीही मिळवून केलेल्या या आढाव्यात प्रौढांच्या तीव्र नैराश्यावरील २१ ही औषधे प्लेसीबोपेक्षा सरस ठरली. हा लाभ सरासरीने माफक होता, पण खरा होता. अर्थात यातील सुमारे ७८ टक्के चाचण्यांचा खर्च औषध कंपन्यांनीच केलेला होता, हेही त्याच निबंधात नमूद आहे.

ही सावली केवळ बड्या कंपन्यांवर आहे असेही नाही. आघातोत्तर ताणविकारावर एमडीएमए या द्रव्याचा उपचार सुचवणाऱ्या चळवळीला स्वतःच्या लोकहितैषी प्रतिमेचा अभिमान होता. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकी नियामकाने तो अर्ज नाकारला आणि त्याच महिन्यात एका नियतकालिकाने या संशोधनाशी संबंधित तीन निबंध मागे घेतले. एका केंद्रातील अनैतिक वर्तनाची माहिती लेखकांना असूनही ती वेळीच दिली गेली नव्हती.

अमेरिकेत २०१० च्या कायद्यामुळे कोणत्या डॉक्टरला कोणत्या कंपनीकडून किती रक्कम मिळाली, हे आज संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. भारतात मार्च २०२४ मध्ये औषध कंपन्यांच्या विपणनासाठी एकसमान आचारसंहिता जाहीर झाली. भेटवस्तू आणि परदेशवाऱ्यांवर तिने बंदी घातली खरी, पण अंमलबजावणीची पहिली जबाबदारी कंपन्यांच्याच संघटनांवर सोपवली. डॉक्टरनिहाय सार्वजनिक यादीची तरतूद तिच्यात नाही. आपल्या मुलाला दिलेल्या औषधावरील संशोधन कोणी केले, कोणाच्या पैशातून केले आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याचा त्या कंपनीशी काही आर्थिक संबंध आहे काय, हे नागपूरच्या किंवा इंदूरच्या बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या आईला जाणून घ्यायचे असेल, तर आज तिला समोरच्या डॉक्टरच्या शब्दावरच अवलंबून राहावे लागते.