निवृत्तांची बाडे

गौरी-गणपती आटोपून पितृपक्ष लागला, की कर्जत-खालापूरच्या गावोगावांहून आमच्या टेबलावर हस्तलिखितांचा जो ढीग जमू लागतो, त्यांतील निम्मी तरी बाडे नुकत्याच सेवानिवृत्त झालेल्या सद्गृहस्थांची असतात. कोणी मामलेदार कचेरीत अव्वल कारकून, कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक, कोणी खोपोलीच्या कारखान्यात फोरमन, तर कोणी उभा जन्म पहाटेच्या लोकलने मुंबई गाठून रात्रीच्या लोकलने परतलेले. लेखकांचे पेशे असे भिन्न असले, तरी विषयाच्या बाबतीत त्यांचे ऐकमत्य विलक्षण असते. ‘मानवी जीवनाचे अंतिम साध्य’, ‘तरुण पिढी कोणीकडे?’ आणि ‘विश्वशांती’ हे त्यांतले नित्याचे मथळे होत. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा त्यांच्याकडेही विश्वशांती टपालाने आली होती काय, असा प्रश्न आम्हांस दरसाल पडतो.

या प्रकाराचे मूळ आम्हांला दफ्तरात आहेसे वाटते. ज्या गोष्टीला जावक क्रमांक नाही ती घडलीच नाही, असे मानण्याची सवय ज्याला तीस-पस्तीस वर्षे लागली, त्याच्या हाती पेन्शनीचा हुकूम आणि पुढ्यात कोरा कागद आला, की त्यालाही वजनदार, शिक्कामोर्तब होण्याजोगा विषयच हवासा वाटतो. आणि ओट्यावर बसून आपली वृद्ध माता नव्या भाताचा दाणा दाताखाली धरून तो पुरता वाळला की नाही हे सांगते, ही गोष्ट डोळ्यांसमोर घडत असूनही ती लिहिण्याजोगी आहे, असे त्याच्या मनातही येत नाही. वस्तुतः आमच्या भागातल्या चाकरमान्याइतका भाग्यवान लेखक विरळाच! आठवड्याचे सहा दिवस ज्याने आपले घर दिव्याच्या उजेडातच पाहिले, त्याला साठाव्या वर्षी भर दुपारचे घर प्रथमच दिसते. कोणत्या घटकेला माजघरात ऊन येते, शेजारीण कोणत्या निमित्ताने डोकावते, नातू शाळेतून आल्यावर दप्तर कोठे भिरकावतो, हे सारे त्याला परमुलखाइतके नवे असते. आणि नवलाई हेच तर लेखनाचे पहिले भांडवल.

मात्र घरगुती ते सारेच वाङ्मय, असेही आम्ही म्हणत नाही. नातवंडांच्या बोबड्या बोलांचे कौतुक करणारी बाडेही आमच्याकडे येतात आणि विश्वशांतीइतकीच संथ वाचली जातात. नजर नेमकी हवी, एवढेच आमचे मागणे आहे.

याचा धडा हवा असल्यास फार दूर जावयास नको. खालापूरला लागून असलेल्या पेण तालुक्यात, बाळगंगेच्या काठी वरसई हे गाव आहे. तेथील विष्णुभट गोडसे हे १८५७ साली, घरच्या दारिद्र्यास व कर्जास उतारा म्हणून, आपल्या काकांसमवेत उत्तरेकडे दक्षिणा मिळवावयास निघाले, आणि बंडाच्या ऐन वणव्यात सापडून झाशीच्या वेढ्यात अडकले. पुढे गावी परतल्यावर त्यांनी आपला भिक्षुकीचा व्यवसाय निमूटपणे चालविला. आणि सुमारे पाव शतकानंतर, उतारवयात, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी तो सारा वृत्तांत मोडी लिपीत लिहून काढला, तो वैद्यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केला. इतिहासकारांना त्यात बंडाची हकीकत सापडते, हे खरेच. परंतु आम्हांला त्यात अधिक मोलाची वाटते ती संसारी माणसाची दृष्टी, जी राज्ये बुडताना पाहतानाही दक्षिणा किती मिळाली, मुक्काम कोठे पडला, भोजनाची व्यवस्था कशी होती, हे विसरत नाही, आणि लुटीत सर्वस्व गेले तरी आईबापांसाठी गंगेची कावड खांद्यावरून उतरू देत नाही. विष्णुभटांनी राज्यक्रांतीवर निबंध लिहावयाचे मनात आणले असते, तर वरसईचे नाव आज कोणास ठाऊक असते?

अलीकडेच एका निवृत्त रेल्वेसेवकाचे बाड आमच्याकडे आले. कर्जतहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाडीला सदतिसात एक असा बोरघाटाचा चढ चढविण्यासाठी मागून जी बँकर इंजिने लावतात, त्यांवर या गृहस्थांची उमेद गेलेली. पण लेख होता, अर्थातच, विश्वशांतीवर. चहा घेता घेता मात्र ते सहज बोलून गेले, की निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात, रात्री यार्डात शिरणाऱ्या इंजिनाची शिटी ऐकू येताच त्यांच्या पत्नी अंथरुणातून उठून स्वयंपाकघरात गेल्या, चूल पेटवली, आणि मागे वळून पाहतात तो यजमान दारात उभे. ‘अहो, तुम्ही तर घरातच आहात की!’ असे म्हणून त्या हसल्या. आपल्या शिटीवर घरात इतकी वर्षे कोणी उठत होते, हे त्या गृहस्थांना त्या रात्री प्रथम कळले. तो प्रसंग लिहून द्या, दुसरे काही नको, असे आम्ही त्यांना बजावले. लेख या अंकात आहे. मसुदा वाचून त्यांच्या पत्नींनी एकच दुरुस्ती सुचविली: आपण भाकऱ्या थापायला नव्हे, आमटी ऊन करायला उठत असू, भाकऱ्या तिन्हीसांजेलाच झालेल्या असत. दुरुस्ती मंजूर करून मगच मजकूर छापखान्याकडे रवाना केला.

येथे ओघात एक कबूल करणे प्राप्त आहे, की सेवानिवृत्ती हा मुख्यत्वे पुरुषांचा विषय आहे. चुलीच्या नोकरीला पेन्शन नाही आणि निरोपसमारंभही नाही. तरी मराठीतले उतारवयात लिहिले गेलेले सर्वांत टवटवीत पुस्तक त्याच नोकरीतून आले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनी साठी केव्हाच ओलांडली होती; शाळेचे असे शिक्षण नव्हते, आणि निमित्त इतकेच, की मुलाला वडिलांच्या चरित्रासाठी आईच्या आठवणी हव्या होत्या. यजमानांच्या बाडासोबत घरच्या मंडळींची हिशेबाची वहीदेखील कधी आमच्याकडे यावी, अशी आमची फार दिवसांची इच्छा आहे.

या वर्षापासून ‘ज्येष्ठांचे मनोगत’ हे स्वतंत्र सदर बंद करून ते लेख इतर लेखांच्या पंक्तीस बसविले आहेत. वयाची सवलत कोणास दिलेली नाही. पुढील अंकासाठी हस्तलिखिते आषाढअखेर पाठवावीत, कागदाच्या एकाच बाजूस लिहावे, आणि विश्वशांतीवरील लेख परत हवे असल्यास टपालहशिलाची तिकिटे सोबत जोडावीत.