चार वर्षांच्या मुलाची परीक्षा नको, नोंद हवी

इचलकरंजीला खेटून वसलेल्या कबनूरमध्ये यंत्रमाग दिवसपाळी-रात्रपाळीवर चालतात. मागावर काम करायला या पट्ट्यात कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून कुटुंबे येत राहिली. अशा वस्तीतल्या अंगणवाडीत चार वर्षांचे एखादे मूल महिनाभर गप्प बसले, तर कारणे अनेक असू शकतात. घरी कन्नड किंवा हिंदी बोलत असतील आणि ताईंचे मराठी अजून कानावर रुळले नसेल. घरातल्या रात्रपाळीमुळे झोप पुरत नसेल. मूल मुळात बुजरे असेल. किंवा त्याला खरोखरच कमी ऐकू येत असेल.

यातले नेमके कारण दहा मिनिटांच्या तोंडी परीक्षेत सापडत नाही.

तरीही मुलाची प्रगती म्हटली की अनेक पालकांना आकडे, मुळाक्षरे आणि इंग्रजी कविताच आठवतात. शिक्षण हक्क कायद्याच्या 13 व्या कलमाने प्रवेशासाठी मुलांची चाळणी लावायला बंदी केली. पण हा कायदा मुख्यतः 6 ते 14 वयोगटाचा आहे. त्याहून लहान मुलांसाठी 2022 च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय आराखड्याने स्पष्ट दिशा दिली: तीन ते सहा या वयात परीक्षा घेणे अयोग्य, मुलाचे निरीक्षण करावे, त्याने काढलेली चित्रे आणि केलेल्या वस्तू पाहाव्यात.

त्यामागे ठोस कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार निरोगी मुले सुमारे आठ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान केव्हाही आधाराशिवाय चालू लागतात. नुसत्या चालण्यात नऊ महिन्यांचे अंतर स्वाभाविक असेल, तर चौथ्या वर्षी अक्षर गिरवता येत नाही म्हणून मुलाला ‘मागे’ ठरवणे हा अन्याय आहे.

म्हणून सारे काही काळावर सोडावे, असेही नाही. कमी ऐकू येणे, उशिरा बोलणे, नजरेला नजर न देणे हे लवकर लक्षात आले तर उपचाराचा उपयोग जास्त होतो. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत तपासणीसाठी येतात. पण त्यांची भेट वर्षातून दोनदा. सेविका मुलाला रोज पाहते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत 1945 पासून बालशिक्षण मुलांच्या अंगणात नेले. मूल जिथे मोकळेपणाने वावरते, तिथेच ते नीट कळते.

आज सेविकेचा बराच वेळ वजन-उंची मोजण्यात आणि 2021 पासून पोषण ट्रॅकर भरण्यात जातो. कुपोषण शोधण्यासाठी ते लागतेच. मात्र माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीच्या आलेखासोबत विकासाचे टप्पेही छापलेले असतात, आणि त्यांनाही तितकाच वेळ मिळाला पाहिजे.

त्यासाठी सेविकेकडची इतर सर्वेक्षणे आणि दुहेरी नोंदी कमी कराव्यात. मूल घरी कोणती भाषा बोलते, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे आणि त्याचे बोलणे त्याच भाषेत तपासावे. पालकांशी महिन्यातून एकदा, पाळी सुटण्याची वेळ पाहून, त्यांना समजेल अशा भाषेत बोलावे. शंका आली, तर सेविकेची नोंद जिल्ह्याच्या शीघ्र निदान व उपचार केंद्रापर्यंत पोचावी आणि तिथे काय निदान झाले, हे तिलाही लेखी कळवावे.