बरणीतला पाहुणा कोणत्या कुळातला?

दिवाळीची सुट्टी संपत आली, की कोकणातून परतणाऱ्या मुलांच्या सामानात चकल्यांच्या डब्याशेजारी आणखी एक वस्तू पुष्कळदा निघते. लोणच्याची रिकामी बरणी, तिच्यात ओढ्याचे पाणी आणि त्या पाण्यात वळवळणारी चार-दोन इवलीशी पिले. पावसाळा ही आपल्याकडच्या बऱ्याच माशांची विणीची वेळ. म्हणून आश्विनात पाणी निवळले, की काठाकाठाने पिलेच पिले दिसू लागतात. पंचा धरला, की दोन-चार सापडतातच. मग घरी आल्यावर प्रश्न येतो, “हा कुठला मासा?” आणि वडीलमंडळी “असेल कसला तरी!” म्हणून मोकळी होतात.

मी घरात काचेच्या पेट्या बाळगून आहे हे आळीत सर्वांना ठाऊक असल्यामुळे अशा बरण्या शेवटी माझ्या टेबलावर येतात. मी त्यांना उत्तर देण्याची घाई मात्र कधी करीत नाही.

पहिली गोष्ट अशी, की पिलाच्या रंगावर विसंबू नये. माणसाच्या मुलाचे जावळ पाहून त्याचे पुढचे केस कसे होतील हे सांगता येत नाही, तसेच हे. गोवा, कर्नाटक आणि केरळच्या नद्यांत डॉकिन्सिया फिलामेंटोसा नावाचा एक देखणा मासा आहे. लहानपणी त्याच्या अंगावर ठळक काळे उभे पट्टे असतात. तो वाढतो तसे पट्टे विरतात आणि शेपटीच्या अलीकडे एक काळा ठिपका तेवढा उरतो. नराच्या पाठीवरच्या पराला तर पुढे दोऱ्यासारखे लांब तंतू फुटतात. त्याच्या भाऊबंदांची पिलेही अशीच पट्टेवाली. तेव्हा इंचभर पिलू पाहून छातीठोकपणे नाव सांगणारा दुकानदार भेटला, तर त्याला नमस्कार करावा आणि पुढे चालावे!

रंग नाही, तर पाहायचे काय? शरीराची ठेवण. तोंड पुढे उघडते की खाली? ओठांशी मिशा आहेत काय? असल्या तर किती? पाठीवरचा पर आखूड आहे की मानेपासून शेपटीपर्यंत लांबच लांब? शेपटी दुभंगलेली आहे की पंख्यासारखी गोल? ही ठेवण रंगाइतकी झटपट पालटत नाही. घरात भिंग असेल तर ते घ्यावे. नसेल तर बरणीची काच आणि आजोबांचा चष्मा पुष्कळ काम करतात.

गेल्या वर्षी शेजारचा आठवीतला मुलगा बोटाच्या पेराएवढी दोन पिले घेऊन आला. धाकट्या बहिणीच्या गप्पी माशांत ती सोडण्याचा त्याचा बेत होता. मी म्हटले, “थांब जरा, आधी यांचे कूळ पाहू.” अंग लांबट, डोके चपटे, पाठीवरचा पर लांबलचक, आणि दर थोड्या वेळाने पाण्यावर येऊन हवेचा घोट घेण्याची सवय. मरळीचे कूळ, यात शंका नव्हती. पण मरळी का एकाच जातीच्या असतात? ओढ्यात राहणारी, वीतभरच वाढणारी चन्ना गाचुआ असली, तर तिच्या पिलाच्या पाठीवरच्या पराच्या मागल्या टोकाशी डोळ्यासारखा ठिपका असतो. या पिलांचा ठिपका मात्र शेपटीच्या मुळाशी, वरच्या अंगाला होता. म्हणजे ही चन्ना मारुलियस, तीन-चार फूट वाढणारी मोठी मरळ!

“काका, मग गप्पींचं काय होईल?” त्याने विचारले.

“सहा महिन्यांत एकही उरणार नाही. आणि त्यानंतर तुझ्या पेटीत ही दोघंही मावणार नाहीत.”

पोराचे तोंड उतरले. बहिणीने आपली पेटी पोटाशी धरली. पिले अजून दुकानातल्या माशांच्या पाण्यात गेलेली नव्हती, म्हणून त्यांना आल्या ठिकाणी परत नेणे शक्य होते. रविवारी वडील गावी निघाले, तेव्हा हा बरणी मांडीवर घेऊन एस.टी.त बसला. बरणी काठोकाठ भरू नकोस, एवढे मी बजावले होते. कारण वर हवा घेता आली नाही, तर मरळ पाण्यातही गुदमरते.

दुसरी गोष्ट म्हणजे गावाची. मासा कोणत्या नदीत, कोणत्या गावापाशी धरला, हे चिठ्ठीवर लिहून बरणीला चिकटवावे. केरळातला लाल-काळ्या पट्ट्यांचा सह्याद्रिया डेनिसोनी 1865 सालापासून शास्त्राला ठाऊक आहे. त्याच्यासारखाच दिसणारा, पण पाठीवरच्या परावर काळा डाग असलेला चालक्कुडी नदीतला मासा वेगळ्या जातीचा आहे, हे 1999 साली नोंदले गेले. व्यापारात मात्र दोघांची विक्री ‘मिस केरळ’ या एकाच नावाने होत आली. दोन्ही जाती आज धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहेत. नावे एकत्र झाली, की कोणता मासा किती उरला याचा हिशेबच लागत नाही.

तिसरी गोष्ट धीराची. ओळख पटेपर्यंत पाहुण्याला वेगळ्या भांड्यात ठेवावे आणि दर आठवड्याला मुलांकडून त्याचे चित्र काढून घ्यावे, खाली तारीख घालून. दोन-तीन महिन्यांची चित्रे शेजारी मांडली, की कुठला पट्टा गेला, कुठला ठिपका राहिला, हे आपोआप दिसते.

आणि नाव न कळलेला मासा कंटाळा आला म्हणून जवळच्या विहिरीत किंवा तलावात टाकू नका. त्या पाण्यात आधीपासून राहणाऱ्यांना हा पाहुणा मानवेल की नाही, हे त्याचे कूळ कळल्याशिवाय तुम्ही कसे सांगणार?