बुडालेल्यांची साक्ष

देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरी, अगदी समुद्रकाठी उभ्या असलेल्या शिवमंदिराविषयी एक आख्यायिका सांगतात. वादळात सापडलेल्या परदेशी व्यापाऱ्याला काळोखात किनाऱ्यावर दिवा दिसला, तो नवस बोलला, गलबत वाचले आणि त्याने देऊळ बांधले. ‘स्वतः घेतलेला अनुभव खोटा कसा?’ असे विचारणाऱ्यांना अशी कथा निर्णायक वाटते. व्यापारी वाचला, हे खरे मानू. पण तो नवसामुळे वाचला, हा अनुभव नव्हे. अनुभवावरून काढलेला निष्कर्ष आहे. तो तपासायचा तर नवस बोलूनही बुडालेले आणि न बोलता तरलेले, दोघेही मोजले पाहिजेत. सामोथ्रेस या ग्रीक बेटावर वादळातून वाचलेल्यांनी वाहिलेली चित्रे दाखवली गेली, तेव्हा बुडालेल्यांची चित्रे कोणी काढलेली नाहीत, असे नास्तिक डायागोरसने उत्तर दिल्याची गोष्ट रोमन लेखक सिसेरोने सांगितली आहे. अनुभव सांगायला वाचलेलेच उरतात; एकट्याच्या साक्षीतला मूळ दोष हाच.

मग याच किनाऱ्यावरच्या गाबीत मच्छीमारांचे पिढीजात ज्ञानही मोडीत काढायचे काय? मुळीच नाही. वारा, पाण्याचा रंग, खडकांच्या जागा यांविषयीचा त्यांचा अंदाज रोज कसाला लागतो; चुकला तर जाळे रिकामे येते आणि शेजारचा होडीवाला तो खोडून काढतो. नवसाची कथा मात्र कधीच हरत नाही: तरला तर देव पावला, बुडाला तर भक्ती उणी पडली. अर्थात पिढ्यांच्या अनुभवालाही मर्यादा आहेच. पावसाळा सरला की दर्या निवळतो, हा आडाखा नोव्हेंबर 2009 मधल्या ‘फयान’ वादळाने मोडला. खोल समुद्रात आकार घेणारे वादळ किनाऱ्यावरच्या जाणत्या नजरेलाही दिसत नाही; ते उपग्रहाला दिसते.

‘उपग्रहाचे चित्रही शेवटी कोणाचा तरी डोळाच पाहतो,’ हा आक्षेप बिनतोड वाटतो आणि अर्धा खराही आहे. विज्ञान अनुभवावरच उभे असते. फक्त तिथे फसलेले अंदाजही नोंदले जातात. उलट, अनुभवाला निव्वळ किस्सा म्हणून झटकणारेही चुकतात. माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांमुळे मासळी घटते, ही पारंपरिक मच्छीमारांची तक्रार त्यांच्या रोजच्या जाळ्यातून आली. राज्य सरकारने नेमलेल्या सोमवंशी समितीने प्रश्नाचा अभ्यास केला आणि फेब्रुवारी 2016 मध्ये सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले. अनुभवाने प्रश्न उभा केला, तपासणीने त्याला वजन दिले. म्हणून अनुभवाला साक्षीदाराचा मान जरूर द्यावा. न्यायाधीशाची खुर्ची देऊ नये.