भट्टीवाला सुटतो, कारण पिणाऱ्याचे तोंड बांधलेले आहे



नांदगाव पेठेच्या बैठकीत मायबहिणी एकच विचारतात : "भाऊ, धाड पडली, ड्रम फोडले, सडवा सांडला, तरी महिन्याभरात त्याची भट्टी पुन्हा पेटते कशी?"

पेटते, कारण खटला कोर्टात पडतो. पंच फितूर होतात. ज्याने पैसे मोजून दारू घेतली, तो साक्षीला येतच नाही. त्याला भेकड म्हणणे सोपे आहे. पण १९४९ च्या दारूबंदी कायद्यात विकणे जसा गुन्हा, तसे कलम ६६ खाली ही हातभट्टीची पिणेही गुन्हाच. "याच्याकडून घेतली" म्हटले की "मी प्यालो" हे आलेच. स्वतःच्या हाताने बेडी कोण घालून घेईल?

आम्ही शेतकीचे पदवीधर, वकील नव्हे. पण तारखांना बसून एवढे शिकलो. स्वतःला गुन्ह्यात गोवणारे उत्तर पोलिसांपुढे नाकारता येते. कोर्टात साक्षीदाराला ते नाकारता येत नाही. मात्र कोर्टाने सक्तीने वदवलेले उत्तर त्याच्याचविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. जुन्या पुरावा कायद्याचे कलम १३२ हेच सांगे. जुलै २०२४ पासूनच्या साक्ष अधिनियमाचे कलम १३७ तेच सांगते. खोटे बोलला तर मात्र सुटका नाही. म्हणून साक्षीदाराने पिंजऱ्यातच म्हणावे, "साहेब, या उत्तराने मी अडकतो; कोर्टाचा हुकूम असेल तर सांगतो." हे गावात येऊन कोणत्या सरकारी माणसाने सांगितले?

आणि हे संरक्षणही अर्धेच. उत्तर वाचते, माणूस वाचत नाही. दुसरा पुरावा सापडला तर त्याच पिण्याबद्दल त्याच्यावर खटला होऊ शकतो. अमेरिकेने १९१९ च्या व्होल्स्टेड कायद्यात साक्षीची सक्ती केली, पण समन्सवरून साक्ष देणाऱ्यावर त्या व्यवहाराबद्दल खटलाच भरायचा नाही, असेही लिहून ठेवले. त्यांची दारूबंदी १९३३ साली बुडाली, ती गोष्ट वेगळी. हे कलम शहाणपणाचे होते.

तेच कलम आमच्या दारूबंदी कायद्यात घाला, ही आमची मागणी आहे. "मग दारुडे मोकाट सुटतील," असे म्हणणाऱ्यांनी २०१५ चे मालवणी आठवावे. विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. तिथे मेला तो पिणारा.

पुढच्या बैठकीला आपापल्या गावच्या चालू खटल्यांचे नंबर आणि तारखा घेऊन या. समन्स निघण्याआधी साक्षीदाराच्या घरी जायचे आहे. त्याची बायको बरोबर असेल तर फारच बरे.