बिल टनाचे, पाणी तळाचे

नालेसफाईचा हंगाम आला की दुय्यम अभियंत्यांची पत्रे येऊ लागतात आणि तक्रार दरवर्षी तीच असते: नाल्यावर जायला वेळ मिळत नाही. डंपरचा नंबर, भरल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन, काट्याची पावती, जीपीएसची नोंद आणि आता व्हिडिओ, हे सगळे एकमेकांशी जुळवण्यात दिवस जातो. मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये गाळ काढण्याआधीचे आणि नंतरचे व्हिडिओ सक्तीचे केले, ते कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तपासून घेतले, कंत्राटदारांना दंडही लावले. चांगलेच केले. पण साचलेल्या पाण्याखालचा तळ कॅमेऱ्याला दिसत नाही, तो तळ कितीने खाली गेला हे कोण सांगणार?

मूळ दुखणे दरपत्रकात आहे. महापालिकेला हवा असतो नाल्याचा मोकळा छेद आणि ती विकत घेते मेट्रिक टन. मग ओला गाळ सुकवायची घाई कुणाला? राडारोडा मिसळला तरी काटा कुरकुरत नाही. आणि कंत्राटदार अगदी सचोटीचा असला तरी पोकलेन सहज उतरते आणि डंपर काठाला लागतो, तिथलाच गाळ तो आधी काढणार. रस्त्याखालचे कल्व्हर्ट, वस्तीतली चिंचोळी वळणे, रेल्वेरुळांखालचे तोंड, म्हणजे पाणी जिथे खरोखर तुंबते त्या जागा, टनामागे सर्वांत महाग पडतात, म्हणून शेवटी उरतात. मे महिना संपतो, टनांचे उद्दिष्ट शंभर टक्के होते आणि कल्व्हर्ट तसेच राहते. अर्थशास्त्रज्ञ होल्मस्ट्रॉम आणि मिलग्रॉम यांनी १९९१ मध्ये हेच गणिताने मांडले: एकाच माणसाकडे अनेक कामे असतील आणि मोबदला त्यातल्या मोजता येणाऱ्या कामाला घसघशीत असेल, तर न मोजलेले काम मागे पडते. आपल्या निविदा समित्यांना ते अजून कळायचे आहे.

आपल्याकडचा शिरस्ता उलटा. गैरव्यवहार उघडकीला आला की मोजमापाचे एकक तसेच ठेवून पुराव्याची एक चळत वाढवायची. मिठी नदीच्या गाळउपशात सुमारे ६५ कोटींचा गैरव्यवहार झाल्याचा गुन्हा आर्थिक गुन्हे शाखेने मे २०२५ मध्ये नोंदवला. गाळ टाकण्याच्या जागांचे करारच बनावट असल्याचा आरोप त्यात आहे. म्हणजे कागद होते, भरपूर होते! प्रत्येक कागद गाडी हलल्याचे सांगत होता. लेखापरीक्षकालाही पावतीच लागते. पातळीचा तक्ता त्याला वाचता येत नाही, म्हणून तो मागत नाही, आणि मागत नाही म्हणून आपण काढत नाही.

कंत्राटदारांचे एक म्हणणे मात्र रास्त आहे. आज उपसलेल्या नाल्यात रात्रीतून कचरा आणि राडारोडा येऊन पडतो, त्याची शिक्षा त्यांना का? ज्यावर माणसाचा ताबा नाही त्याची जोखीम त्याच्यावर टाकली की तो ती दरात चढवतो, किंवा कामात वसूल करतो. उपाय अवघड नाही. टप्पा पूर्ण होताच, त्याच दिवशी, अभियंता आणि कंत्राटदार दोघांनी मिळून ठरलेल्या साखळीवर (चेनेजवर) तळाची लेव्हल घ्यायची, इन्व्हर्टशी म्हणजे नाल्याच्या मूळ तळपातळीशी ताडायची, मोजमाप पुस्तकात (एमबीत) दोघांच्या सह्या करायच्या. पुढचा कचरा हे वेगळे काम, वेगळा दर. कल्व्हर्टला स्वतंत्र बाब आणि चढा दर द्या, कंत्राटदार आपणहून तिथे उतरेल.

यावर आपल्यातलेच काही अभियंते म्हणतात, 'ऑटो लेव्हल घेऊन चिखलात कोण उभा राहणार?' अभियंत्याने नाही तर कोणी? न मोजता एमबीवर सही करणारे सहकारी आपल्याला ठाऊक आहेत. त्यांना पाठीशी घालणे आता बंद करा. तिसऱ्या पक्षाच्या तपासणीवरही विसंबू नका, तोही बिलावरच जगतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पावसापुढे कोणताही नाला पुरला नसता. दरवर्षीच्या साध्या पावसाला तरी तो पुरला पाहिजे. पुढच्या हंगामाच्या निविदांचे मसुदे पावसाळा सरताच टेबलावर येतील. ज्यांनी आपल्या विभागात आधीची-नंतरची लेव्हल घेऊन बिल दिले असेल, त्यांनी ते तक्ते आणि निविदेतले कलम दिवाळीपूर्वी आमच्याकडे पाठवावे. आम्ही ते जसेच्या तसे छापू.